चढ म्हणा की ढलान

मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. शिक्षक कमी, म्हणून दहावीच्या गणिताचे तासही बरीच वर्षं माझ्याकडेच आहेत. रेषा किती तिरपी आहे हे सांगणाऱ्या संख्येला मराठीत ‘चढ’ म्हणतात. वर्गात आम्ही उर्दूत तिला ‘ढलान’ म्हणतो. मराठी पायथ्याशी उभी राहून टेकडीकडे बघते, उर्दू माथ्यावरून खाली बघते. टेकडी मात्र एकच.

ऐकायला गंमत वाटते, पण मुलं इथेच अडखळतात. ‘ढलान’ धन असेल तर रेषा वर जाते, हे उर्दूतून शिकणाऱ्याला पटकन पचत नाही. मराठी मुलाला ‘उणे चढ’ म्हणजे उतार हे असंच थांबून समजून घ्यावं लागतं. आमच्या मुलांचं आणखी एक आहे. उर्दू ओळ उजवीकडून डावीकडे वाचत जायची आणि समीकरण आलं की नजर उलटी फिरवायची. हे सगळं सांभाळून उत्तर काढणाऱ्या मुलांबद्दल लोक म्हणतात, “उर्दूवाल्यांचं गणित कच्चं असतं.”

यंदाच्या वर्गातली एक मुलगी गणितात तेज आहे. तरी दहावीनंतर आर्ट्सलाच जाणार म्हणत होती. कारण विचारलं तर म्हणाली, “टीचर, हिसाब आता है, उनके लफ़्ज़ नहीं आते.”

तिचे अब्बा टेम्पो चालवतात. मी फळ्यावर दोन फेऱ्या लिहिल्या. ५ किलोमीटरचे ४५० रुपये, १२ किलोमीटरचे ८००. भाड्याचा नियम शोधा म्हटलं. सूत्र दिलं नाही. ती बोलत बोलत पुढे गेली. अंतर ७ किलोमीटरनं वाढलं, पैसे ३५० नं, म्हणजे किलोमीटरला ५०. हाच चढ. ५ किलोमीटरचे २५० होतात, घेतले ४५०. मग गाडी जागची हलण्याआधीचेच २०० आहेत. मी लिहिलं: वाय = ५० एक्स + २००. एक्सच्या जागी १२ ठेवून तिनं ताळा केला, ८०० आले. मग हसून म्हणाली, “अब्बा तो ये रोज़ करते हैं!”

दोन बिंदूंवरून रेषेचं समीकरण लिहायचं ते एवढंच. आधी चढ काढायचा, मग एक बिंदू ठेवून सुरुवात कुठून झाली ते शोधायचं. दुसऱ्या बिंदूनं ताळा करायचा.

नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मीनं बीजगणितावरचा ग्रंथ लिहिला, त्यात आजच्यासारखी चिन्हं नव्हती. सगळं गणित शब्दांत मांडलेलं होतं. आलेखावरची रेषा समीकरणात लिहायची रीत सतराव्या शतकात देकार्त आणि फर्मा यांच्या कामातून आली. चिन्हं नंतरची आहेत. आमच्या मुलांना मात्र चिन्हं आधी मिळतात, आणि शब्द त्यांच्या घरचे नसतात.

म्हणून आता वर्गाच्या भिंतीवर तीन रकान्यांचा तक्ता आहे: उर्दू, मराठी, इंग्रजी. नवा शब्द आला की तिन्ही रकाने मुलांनीच भरायचे. त्या मुलीनं वहीतही तसाच तक्ता केलाय. अकरावीच्या फॉर्मला अजून वेळ आहे. तिच्या अम्मीला मी शाळेत बोलावलंय. सायन्सलाच जा, असं मी सांगणार नाही. तिला गणित येतं, एवढंच दोघींना ठामपणे सांगणार आहे.