पाण्याची गाठ

सोनोग्राफीच्या पडद्यावर ती दिसते काळीभोर, गोल, रेखीव काठाची. आत नुसतं पाणी, म्हणून काळी. तिची भिंत पेशींच्या एकाच थराची. पित्तनलिकेच्या एखाद्या बारीक फांदीवर ती धरते, पुढे तिच्यापासून सुटी होते आणि थेंबाथेंबाने स्वतःचं पाणी साठवत राहते. तिला घाई म्हणून नाही. विशीत ती मसुराएवढी असली, तर पन्नाशीत लिंबाएवढी झालेली असते आणि आजूबाजूला बहिणींचा गोतावळा जमलेला असतो.

पॉलिसिस्टिक किडनी या आनुवंशिक आजारातली ही यकृतातली गाठ. आजाराच्या नावात किडनी आहे, त्यामुळे घरच्यांचं सगळं लक्ष क्रिएटिनिनकडे. पण पस्तिशी ओलांडलेल्या बहुतेक रुग्णांच्या यकृतात एमआरआयवर ही सापडतेच.

स्वभावाने ती गरीब. यकृताच्या कामात ढवळाढवळ करत नाही. लिव्हरच्या तपासण्या बहुधा नॉर्मल येतात, कावीळही क्वचितच होते. तिला हवी असते फक्त जागा, आणि नेमकी तीच पोटात नसते. निरोगी मूत्रपिंड दहा-बारा सेंटीमीटरचं. या आजारात ते दुपटीहून मोठं होऊ शकतं. खालून ते आणि वरून हे भरलेलं यकृत, मध्ये चेपतं जठर.

मग धार-देवासच्या मराठी घरातली एखादी काकू इंदूरला डॉक्टरांना सांगते, "दोन घास खाल्ले की पोट तट्ट होतं हो." घरात तिला ओवा मिळालेला असतो, ॲसिडिटीची गोळी मिळालेली असते. परकराची नाडी दर वर्षी सैल करावी लागते आणि हातातल्या बांगड्या मात्र कोपरापर्यंत सरकतात. पोट वाढतंय आणि बाई वाळतेय, ही या गाठीची खूण. बायकांवर तिचा डोळा जास्त, कारण इस्ट्रोजेन तिला मानवतं. बाळंतपणं आणि हार्मोनच्या गोळ्या यांनी ती फोफावते. पाळी गेल्यावर बहुधा मंदावते.

तिचे सोयरे आतड्यांतही असतात. मोठ्या आतड्याला पिशव्या येतात, विशेषतः डायलिसिसपर्यंत पोचलेल्यांत. पोटातल्या दाबाने बेंबीत किंवा जांघेत हर्निया उतरतो. स्वादुपिंडातही काहींना गाठी असतात, त्या सहसा त्रास देत नाहीत.

देवासची गादी तुकोजी आणि जिवाजी पवार या भावांत वाटली गेली. थोरली पाती, धाकटी पाती. एकाच गावात दोन दरबार. या आजाराच्या वारशाची मात्र वाटणी होत नाही. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडे दोष असला, तर प्रत्येक अपत्याला तो अख्खा मिळतो किंवा मुळीच मिळत नाही, शक्यता निम्मी-निम्मी. मुलगा-मुलगी हा भेद नाही, थोरला-धाकटा हाही नाही. बहुतेक घराण्यांत दोष 16व्या गुणसूत्रावरच्या पीकेडी-1 जनुकात असतो, काहींत चौथ्यावरच्या पीकेडी-2 मध्ये.

ही गरीब गाठ क्वचित बिथरते. आत जंतू शिरले की थंडी वाजून ताप येतो, उजव्या बरगडीखाली ठणका लागतो. तेव्हा मनाने पेनकिलर घेणं किडनीच्या मुळावर येतं, दवाखानाच गाठायचा. फार मोठी झाली तर सुईने पाणी काढून आत औषध सोडतात, दुर्बिणीने तिचं छत कापतात. अगदीच निरुपाय झाला तर यकृत बदलतात. बहुतेकींच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. थोडं थोडं, चार-पाच वेळा जेवलं तरी बराच आराम पडतो.

पण त्यासाठी ती आहे हे आधी कळायला हवं. घरात एकाचं निदान झालं की सख्ख्या भावंडांनी आणि सज्ञान मुलांनी रक्तदाब तपासावा, डॉक्टरांशी बोलून सोनोग्राफी करावी. आणि ताटात रोज उरणारी अर्धी पोळी किडनीच्या डॉक्टरांनाच सांगावी. ती तक्रार त्यांच्याच खात्यातली आहे.