मुळाला हात लावण्यापूर्वीं

संकटें सांगून येत नाहींत असें म्हणतात. आमच्यावर आलेलें संकट मात्र अगदीं सांगून आलें होतें. आम्हींच त्याचें सांगणें ऐकलें नाहीं. ती हकीकत येथें सविस्तर देण्याचें कारण एवढेंच कीं, ज्या वस्तूच्या बाबतींत ती घडली ती वस्तु आतां पुष्कळ सुशिक्षित घरांतून शिरली आहे, आणि जी चूक आमच्या हातून झाली ती चांगल्या जाणत्या माणसाच्या हातूनहि सहज होण्याजोगी आहे.

आमचें घर देवळाली प्रवरा येथें, अहिल्यानगर जिल्ह्याच्या राहुरी तालुक्यांत. कुटुंब मोठें व एकत्र. त्यांतले निम्मे लोक आतां पुण्यामुंबईस असले, तरी सणावारीं पंगत येथेंच बसते. आमचे थोरले बंधु, ज्यांना सारें घर दादा म्हणतें, हे निवृत्त शिक्षक आहेत. सन २००४ मध्यें त्यांनीं आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त लिहावयास घेतला. त्या वेळच्या संगणकावर विंडोज एक्स्पी ही प्रणाली होती, व मराठी अक्षरें उमटविण्यासाठीं एक जुन्या तऱ्हेचा फाँट बसविलेला होता. असल्या फाँटमध्यें लिहिलेला मजकूर आजच्या युनिकोडच्या यंत्रावर उघडला, तर मराठीऐवजीं निरर्थक रोमन अक्षरांची रास दिसते. पुढें ८ एप्रिल २०१४ रोजीं एक्स्पीची देखभाल तिच्या कर्त्यांनीं थांबविली, आणि कांहीं वर्षांनीं तो संगणकहि थकला. तेव्हां, २०१८ सालीं, पुण्यास नोकरीस असलेल्या आमच्या पुतण्यानें त्या संगणकाचें एक आभासी यंत्र करून दिलें.

आभासी यंत्र, ज्यास सर्वत्र व्हर्च्युअल मशीन म्हणतात, तें म्हणजे एका खऱ्या संगणकाच्या पोटांत चालणारा, केवळ आज्ञावलीनें घडविलेला दुसरा संगणक होय. ही कल्पना आजची नव्हे. १९७२ सालीं आयबीएमनें आपल्या प्रचंड यंत्रांसाठीं व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. तिच्यायोगें एकाच यंत्रावर काम करणाऱ्या अनेकांपैकीं प्रत्येकाला आपल्यापुढें एक स्वतंत्र यंत्र असल्याचा प्रत्यय येई. अशा आभासी संगणकाची डिस्कहि खरी नसते. ती खऱ्या संगणकावरील एक मोठी फाईल असते. आमची फाईल ४० गिगाबाइटची होती. देवघरामागच्या खोलींतील एका लहानशा सर्व्हरवर हें यंत्र चालूं लागलें, आणि दादांना आपला जुना पडदा, जुना फाँट व जुना मजकूर जसाच्या तसा मिळाला.

सन २०२३ च्या पाडव्यानंतर या कामाला निराळेंच महत्त्व आलें. कुलवृत्तान्तांत पुरुषांचीं नांवें पिढ्यान् पिढ्या असतात. घरांत आलेल्या सुनांच्या नांवापुढें माहेरचा पत्ता नसतो, व लहानपणीं गेलेल्या मुलींची तर नोंदहि नसते. ही सारी माहिती आमच्या मोठ्या काकूंच्या तोंडीं होती. त्यांना तेव्हां एक्क्याण्णवावें वर्ष होतें. रोज दुपारीं त्या झोपाळ्यावर बसून सांगत व दादा टिपून घेत. चार पिढ्यांच्या सुनांचीं माहेरें, कोण कोणत्या सालीं बाळंतपणांत गेली, कोणत्या मुलीचें बारसें झालें आणि वाढदिवस झाला नाहीं, हें सर्व त्यांनीं न अडखळतां सांगितलें. त्या वर्षीं अधिक श्रावण आला होता, म्हणून काम चांगलें लांबलें व पुरेंहि झालें. आश्विनांत काकू गेल्या.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. पुतण्यानें पाडव्याच्या दिवशीं या यंत्राचा एक स्नॅपशॉट घेऊन ठेविला होता, व गणपतींत आला असतां दुसरा घेतला. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणाचें यंत्राचें छायाचित्र, व छायाचित्र म्हणजे नक्कल, असा आमचा समज होता. हें सर्वस्वीं चूक आहे. स्नॅपशॉट घेतला कीं मूळ डिस्क त्या क्षणीं जशी असेल तशी गोठविली जाते. तिच्यावर पुढें कांहींच लिहिलें जात नाहीं. त्यानंतर जो जो बदल होईल तो एका निराळ्या पुरवणी फाइलींत उतरतो. दुसरा स्नॅपशॉट घेतला कीं पहिली पुरवणीहि गोठते व तिच्यावर दुसरी चढते. यंत्र चालतें तें तिन्ही एकत्र वाचून. आमच्या शेतकरी भागांत हें समजण्यास सातबारा व फेरफार यांचा दाखला पुरे आहे. फेरफाराची नोंद अमुक गटाच्या अमुक क्षेत्राला धरून केलेली असते. तो गटच उद्यां निराळा झाला, तर नोंद कितीहि खरी असली तरी ती लावावयाची कशाला? काकूंनीं सांगितलेला शब्द न् शब्द या पुरवण्यांत होता. मुळांत त्यांतलें कांहींच नव्हतें.

२०२४ च्या जानेवारींत दादांनीं घरांतील जुनीं मोडी कागदपत्रें व छायाचित्रें स्कॅन करून त्याच यंत्रांत भरण्यास सुरुवात केली, आणि चाळीस गिगाबाइटांची जागा संपली. डिस्क ऐंशीची करावी असें आम्हीं ठरविलें. पडद्यावर आकाराचा आंकडा दिसत होता, पण तो बदलतां येईना. तो रकाना फिकट होऊन बसला होता. ही त्या यंत्राची सूचनाच होती. परंतु आम्हांला संगणकाचें थोडेंबहुत ज्ञान आहे, आणि थोडें ज्ञान स्वस्थ बसूं देत नाहीं. आम्हीं आज्ञा टंकून मूळ डिस्कच परस्पर वाढविली. काम क्षणांत झालें. मग यंत्र सुरू करूं गेलों, तों उत्तर आलें कीं, जनक डिस्कचा आकार व अपत्य डिस्कचा आकार यांत फरक आहे. यंत्र सुरू होऊं शकत नाहीं.

त्या क्षणीं आमच्या मनाची काय स्थिति झाली तें सांगत नाहीं. ओसरीवर दादा चष्मा पुशीत बसले होते. त्यांनीं विचारलें, "झालें का रे काम?" आम्हीं म्हटलें, "थोडा वेळ लागेल, दादा." आयुष्यांत दादांपासून फार थोड्या गोष्टी लपविल्या, त्यांतली ही एक.

एका परिचितांनीं फोनवर सल्ला दिला कीं, पुरवण्या बाजूला काढा व केवळ मूळ डिस्क जोडून यंत्र सुरू करा, तें खात्रीनें चालेल. तें चाललेंहि असतें. परंतु तें पाडव्याच्या दिवसाचें यंत्र म्हणून चाललें असतें. शिवाय सुरू होतांच त्यानें मुळावर लिहावयास प्रारंभ केला असता, आणि मग पुरवण्या त्या मुळाशीं कायमच्या विसंगत झाल्या असत्या. आमचें सुदैव इतकेंच कीं, तसें करण्यापूर्वीं आम्हीं पुतण्याला विचारलें.

त्याचा पहिला प्रश्न हा होता: "काका, मूळ डिस्कवरून यंत्र सुरू तर केलें नाहींत ना?"

"नाहीं."

"मग कांहीं गेलेलें नाहीं. आतां कशालाहि हात लावूं नका. आधीं सबंध फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. पुढचें मी आल्यावर."

ती नक्कल होण्यास रात्र लागली. शनिवारीं तो आला. आमच्या डिस्कची घडण व्हीएमडीके या प्रकारची. हिच्यांत प्रत्येक डिस्कबरोबर साध्या मजकुराची एक छोटी वर्णन-फाईल असते, आणि तिच्यांत डिस्कचा आकार ५१२ बाइटांच्या सेक्टरांनीं मोजून लिहिलेला असतो. मुळाच्या वर्णनांत आतां १६,७७,७२,१६० हा आंकडा होता. हे ऐंशी गिगाबाइट. पुरवण्यांचीं वर्णनें उघडलीं, तों दोहोंतहि ८,३८,८६,०८० हाच आंकडा. हे जुने चाळीस. मुळाला आपण केवढे होतों याचा विसर पडला होता, पण दोन्ही अपत्यांना तें स्मरत होतें. वाढविण्यानें जुन्या जमिनीला धक्का लागलेला नव्हता. तिच्या शेवटास पडीक जमीन जोडली गेली होती व कागदावरचें क्षेत्र तेवढें बदललें होतें.

त्यानें नकलेवर काम चालविलें, अस्सलावर नव्हे. मुळाच्या वर्णनांतील आंकडा पुन्हां जुना केला. प्रत्येक वर्णनांत एक ओळख-खूण असते, व अपत्याच्या वर्णनांत आपल्या जनकाची खूण नोंदलेली असते. त्या जुळतात कीं नाहीं हें त्यानें ताडून पाहिलें. जुळत होत्या, कारण मुळावर मध्यंतरीं कांहीं लिहिलें गेलें नव्हतें. मग लगेच यंत्र सुरू न करितां मूळ व दोन्ही पुरवण्या एकत्र वाचून त्यांची एक सलग, नवी, कोणावर न विसंबणारी डिस्क त्यानें तयार केली, व ती नव्या यंत्रास जोडली. पडद्यावर एक्स्पीची हिरवी टेकडी उमटली. दादांना बोलावून आणलें. त्यांनीं कांहीं न विचारतां काकूंचें प्रकरण उघडलें, शेवटच्या पानापर्यंत गेले, आणि काकूंच्या धाकट्या बहिणीचें नांव तेवढें मोठ्यानें वाचलें.

आकार वाढविण्याचें काम त्यानंतर झालें. नवी डिस्क ऐंशीची केली; परंतु डिस्क वाढली म्हणजे आंतला विभाग आपोआप वाढतो असें नाहीं. एक्स्पीला आपला स्वतःचा मूळ विभाग स्वतः वाढवितां येत नाहीं. म्हणून जीपार्टेड हें साधन बाहेरून सुरू करून तो वाढविला. एवढा क्रम पाळला असता तर पहिल्याच दिवशीं तासादोन तासांत काम झालें असतें: प्रथम नक्कल, मग स्नॅपशॉट मुळांत विलीन करणें, मग डिस्क वाढविणें, व शेवटीं विभाग वाढविणें. स्नॅपशॉट ७२ तासांहून अधिक ठेवूं नये अशी शिफारसच आहे. आम्हीं दहा महिने ठेविला होता.

याच प्रवरेच्या कांठीं, आमच्या खालच्या अंगास, नेवासें आहे. शके १२१२ मध्यें तेथें ज्ञानेश्वरी सांगितली गेली. पुढें तीनशें वर्षांत तिच्या पाठांत पुष्कळ भेसळ झाली, आणि शके १५०६ मध्यें एकनाथांनीं ती शुद्ध केली. हें शक्य झालें तें गांवोगांवच्या लोकांनीं आपापल्या हातांनीं पोथ्या उतरून ठेविल्या होत्या म्हणून. एक पोथी बुडाली किंवा बिघडली तरी दुसरी तिच्यावर विसंबून नव्हती. नक्कल म्हणावयाची ती हिला. जी मुळाच्या खांद्यावर बसते व मूळ हललें कीं पडते, ती पुरवणी. तिच्या भरंवशावर निर्धास्त राहूं नये.

दादांना आम्हीं सारें खरें सांगितलें. ते रागावले नाहींत. म्हणाले, "थोरल्याच्या जिवावर धाकटे असतात, त्याला कांहीं करावयाचें तर आधीं त्यांना विचारावें." आतां काकूंचें प्रकरण युनिकोडांत उतरविलें आहे, त्याच्या प्रति देवळालीस, पुण्यास व मुंबईस निरनिराळ्या ठेविल्या आहेत, आणि एक छापून देवघरांतल्या कपाटांत आहे. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असे जुने यंत्र जपलेलें असेल, त्यांनीं हा अंक मिटण्यापूर्वीं एकदां उठून पहावें कीं, आपल्याजवळ आहे ती नक्कल आहे कीं पुरवणी.