‘पहिली’ म्हणजे नेमके काय?

१/ ऑगस्ट २०२४. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाई येथील मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर पुण्याच्या डायना पुंडोले यांनी राष्ट्रीय कार शर्यतींतील एमआरएफ सलून गटाचे विजेतेपद मिळवले. राष्ट्रीय मोटरशर्यतीत अजिंक्य ठरलेली ही पहिली भारतीय स्त्री. बातमी आली आणि लवकरच मागे पडली. तिचे मोल समजण्यासाठी थोडे इतिहासात जावे लागते.

२/ मोटरशर्यतींच्या नोंदींत ‘पहिला’ हा शब्द बहुधा केवळ उपस्थितीचा मान सांगतो. टॉम बेल्सो हे फॉर्म्युला वनमध्ये उतरलेले पहिले डॅनिश चालक. १९७४ च्या स्वीडिश ग्रां प्रीत ते आठवे आले. त्या काळी पहिल्या सहा जणांनाच गुण मिळत. बेल्सोंच्या खात्यावर अखेरपर्यंत शून्य गुण राहिले. तरीही डेन्मार्कच्या क्रीडेतिहासातले त्यांचे स्थान पक्के आहे.

३/ स्त्रियांना तर उपस्थितीसाठीही झगडावे लागले. फ्रान्सच्या कामी द्यू गास्त १९०१ च्या पॅरिस–बर्लिन शर्यतीत धावल्या. १९०३ च्या पॅरिस–माद्रिद शर्यतीत अपघातग्रस्त सहस्पर्धकाच्या मदतीसाठी त्यांनी स्वतःची गाडी थांबवली, आपला क्रमांक गमावला. त्यानंतर वर्षभरातच, स्त्री आहे एवढ्याच कारणाने, त्यांना शर्यतीची दारे बंद झाली.

४/ १९७५ साली बार्सिलोनाच्या माँजुईक सर्किटवर इटलीच्या लेला लोंबार्डी सहाव्या आल्या. भीषण अपघातात प्रेक्षक मृत्युमुखी पडल्याने शर्यत मध्येच थांबवली गेली, म्हणून सर्वांना निम्मेच गुण मिळाले. लोंबार्डींच्या वाट्याला अर्धा गुण आला. फॉर्म्युला वनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत स्त्रीने मिळवलेला गुण आजवर एवढाच.

५/ या पार्श्वभूमीवर पुंडोले यांचे यश वेगळ्या जातीचे आहे. अजिंक्यपद एका दिवसाच्या दैवावर मिळत नाही; हंगामभराच्या फेऱ्यांतील गुणांची बेरीज त्यासाठी लागते. या गटात सर्वांना टोयोटा इटिऑस हीच गाडी असते. त्यामुळे यशाचे श्रेय यंत्राच्या पदरी टाकता येत नाही. पुरुष आणि स्त्रिया एकाच आरंभरेषेवरून सुटतात, आणि गुणतक्ताही सर्वांचा एकच असतो.

६/ तरीही बातम्यांतून ‘दोन मुलांची आई’ हे विशेषण हटकून आले. त्या मातृत्वाबद्दल आदर आहेच. परंतु पुरुष विजेत्याला मुले किती, हे कुणी मथळ्यात छापत नाही. २०१८ साली जेके टायरच्या महिला चालकांसाठीच्या उपक्रमातून त्यांची निवड झाली. तिथून सहा वर्षांत त्या या विजेतेपदापर्यंत पोहोचल्या. तो प्रवास मथळ्यात यायला हवा होता.

७/ मी कोथरूडला राहतो. आमच्या वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे. १९६६ साली स्थापन झालेल्या या संस्थेत वाहनांची कसोटी लागते. आकुर्डी, पिंपरी, चाकण येथे वाहने घडतात. एवढ्या या वाहननगरीत शर्यतीचे आंतरराष्ट्रीय दर्जाचे सर्किट मात्र नाही. पुण्याच्या चालकाला राष्ट्रीय फेरीसाठी सुमारे १२०० किलोमीटर दूर जावे लागते.

८/ चेन्नईच का? दुसऱ्या महायुद्धातील शोलावरमची धावपट्टी युद्धानंतर ओस पडली आणि तिथे मोटरशर्यती सुरू झाल्या. १९५० च्या दशकात मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने हा वारसा सांभाळला आणि १९९० साली इरुंगट्टुकोट्टाईचे सर्किट उभारले. हौशी माणसांनी चिकाटीने राखलेल्या जागेमुळे एखादा खेळ एखाद्या शहराचा होतो. कारखान्यांनी मोटारी दिल्या तरी खेळाची परंपरा आपोआप येत नाही.

९/ म्हणून इतिहासाच्या वाचकांना एक विनंती. ‘पहिली’ हा शब्द दिसला की विचारा: पहिली कशात? मैदानात येण्यात, गुण मिळवण्यात, की गुणतक्त्याच्या शिरोभागी असण्यात? या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्यामध्ये कित्येक दशकांचे अंतर असू शकते. पुंडोले यांची नोंद करताना वर्ष, गट आणि सर्किट लिहा, आणि पुढे स्पष्ट लिहा: स्त्री-पुरुषांच्या एकत्रित स्पर्धेत प्रथम क्रमांक.