वाघ्याची गुरगुर

मॅगझिनच्या मराठी विभागाला लेख देतेय म्हटल्यावर मैत्रिणींचा पहिला प्रश्न होता, "तुला मराठी लिहिता येतं?" कॉन्व्हेंटचा शिक्का एकदा बसला की पुसता पुसत नाही. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांच्या पदरात घालते आणि सुरुवात करते. विषय आहे आमचा कुत्रा.

वाघ्या दोन वर्षांपूर्वीच्या जुलैमध्ये आमच्या सांगलीच्या घरी आला. आला म्हणजे गटाराच्या कडेला भिजत बसला होता, बाबांनी स्कूटरवर पायापाशी ठेवून आणला. दीड-दोन महिन्यांचं तांबूस गावठी पिल्लू, पोट नगाऱ्यासारखं आणि कान एक उभा, एक आडवा. ताईला त्याचं नाव ब्रूनो ठेवायचं होतं. आजोबांनी त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "ह्याच्या आईला चालेल का विचारून ये." झाला वाघ्या!

कुत्रं शिकवण्याचे सर्व हक्क आजोबांकडे राखीव. त्यांचं लहानपण मळ्यात गेलं, दारात कायम दोन-तीन कुत्री. त्यांचा सिलॅबस ठरलेला होता. घरात घाण केली की त्याचं नाक त्यात घासायचं. ऐकलं नाही तर पेपरची सुरळी. गुन्हा मोठा असेल तर साखळी आणि एक वेळ उपास. आणि सगळ्यात महत्त्वाचा चॅप्टर म्हणजे तो जेवत असताना ताटलीत हात घालायचा. "मालक कोण हे त्याला कळायला पाहिजे." गुरगुरला तर नाकावर टपली.

हा शेवटचा चॅप्टर मी अंगावर घेतला, कारण मला तो जमत होता. शाळेत मराठीत बोललं की बोटांवर फूटपट्टी बसायची, त्यामुळे शिकवणं म्हणजे काय याची माझी कल्पना फार वेगळी नव्हती. रोज संध्याकाळी कॉलेजमधून आले की दूध-भाकरीची ताटली ठेवायची, त्याने तोंड घातलं की मी हात घालायचा, तो गुर्र करायचा, मी टपली द्यायची. दसऱ्याच्या सुमारास गुरगुर बंद झाली. मी घरभर जाहीर केलं, वाघ्या सुधारला! आजोबांनी शाबासकीची थाप दिली. मला, वाघ्याला नव्हे.

दिवाळीत पुण्याहून काका-काकू आले. त्यांचा छोट्या सहा वर्षांचा. ताटलीजवळ घरंगळलेली टिकल्यांची डबी उचलायला तो वाकला. वाघ्या गुरगुरला नाही, भुंकला नाही, दातही दाखवले नाहीत. सरळ मनगट धरलं.

आईने छोट्याचा हात नळाखाली धरून पंधरा मिनिटं साबणाने धुतला. मग दवाखाना, जखमेत सीरम, रेबीजच्या इंजेक्शनांचा कोर्स. काकू माझ्याशी बोलत नव्हत्या. काका म्हणाले, "याला गाडीत घाला आणि लांब कुठेतरी सोडून या." बाबा नुसते मान खाली घालून उभे. सगळे वाघ्याकडे बघत होते, माझ्याकडे कोणीच नाही. तेच मला जास्त टोचत होतं.

दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवा असं सांगितलं होतं, म्हणून सोडून येण्याचं तेवढ्यापुरतं टळलं. त्या दिवसांत मी त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी विचारलं, "चावण्याआधी गुरगुरला होता का?"

मी जवळजवळ अभिमानानेच म्हटलं, "नाही, ती सवय आम्ही मोडली."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाळ, गुरगुरणं म्हणजे भोंगा. आग लागली की वाजतो. तुम्ही आग विझवली नाहीत, भोंग्याची वायर कापलीत."

इन्स्ट्रुमेंटेशनच्या विद्यार्थिनीला हे ऐकायला लागावं!

त्यानंतरचे दोन आठवडे मी सबमिशन सोडून याच विषयावर वाचत बसले (जर्नल उशिरा दिल्याचं खरं कारण सरांना आज कळेल). आजोबांची पद्धत आजोबांनी शोधलेली नाही. जर्मनीतल्या कोनराड मोस्ट या पोलीस अधिकाऱ्याने 1910 मध्ये कुत्र्यांच्या ट्रेनिंगवर पुस्तक लिहिलं, त्यात पट्ट्याचा हिसका आणि चाबूक ठळकपणे आहेत. बक्षिसाचं महत्त्वही त्याला माहीत होतं, पण लोकांनी हिसका तेवढा उचलला. अमेरिकेत विल्यम कोहलरचं 1962 चं पुस्तक याच वाटेने जाणारं. "मालक कोण ते दाखवा" या विचाराला आधार मिळाला लांडग्यांचा. रुडॉल्फ शेंकेलने 1947 मध्ये बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर लिहिलं. एकमेकांना अनोळखी लांडगे एका कुंपणात कोंडले की मारामाऱ्या होणारच, आमच्या पहिल्या वर्षाच्या हॉस्टेलसारख्या! डेव्हिड मेकच्या 1970 च्या पुस्तकातून "अल्फा" हा शब्द जगभर गेला. पुढे जंगलात वर्षानुवर्षं लांडगे पाहिल्यावर मेकनेच 1999 मध्ये लिहिलं, की तिथला कळप म्हणजे साधं कुटुंब असतं, आईबाप आणि त्यांची पिल्लं. प्रकाशकाने जुनं पुस्तक छापू नये म्हणून तो मागे लागला, ते छापणं 2022 मध्ये थांबलं. म्हणजे मी वाघ्यावर जी थिअरी चालवत होते, ती मांडणाऱ्यानेच मागे घेतली होती.

दुसरी वाट मला जास्त आवडली ती तिच्यातल्या गमतीमुळे. स्किनरने 1951 मध्ये प्राण्यांना कसं शिकवावं यावर सोपा लेख लिहिला. एक छोटा आवाज, त्यामागोमाग खाऊ, बस्स. पण हे लोकांपर्यंत पोचवलं कॅरन प्रायरने. ती हवाईमध्ये डॉल्फिन शिकवायची. डॉल्फिनला पट्टा बांधता येत नाही आणि ओरडलात तर तो पोहत निघून जातो. त्याला आवडेल असंच काहीतरी करावं लागतं. तिचं पुस्तक 1984 चं. आणि पोर्तुगालमध्ये 2020 साली 92 कुत्र्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शिक्षा देणाऱ्या क्लासमधल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं जास्त दिसली आणि ट्रेनिंगनंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉलही जास्त वाढलं.

हे सगळं मी आजोबांना जेवताना ऐकवलं. त्यांनी शांतपणे आमटी ओरपली आणि विचारलं, "म्हणजे लाच द्यायची?"

"लाच आधी दाखवतात आजोबा. हे काम झाल्यावर द्यायचं."

"कचेरीत पण पुष्कळ जण काम झाल्यावरच घेतात, पोरी."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण बाबांनी मे महिन्यापर्यंत मुदत दिली. तोवर पाहुणे आले की वाघ्या मागच्या खोलीत, दार बंद.

पद्धत अशी. वाघ्या जेवत असताना लांबून जायचं, खटक्याचं बॉलपेन टक् करायचं, त्याच्याकडे उकडलेल्या अंड्याचा तुकडा टाकायचा आणि परत फिरायचं. ताटलीला हात लावायचा नाही. मी वहीत फरशा मोजून लिहायचे. पहिल्या दिवशी सहा फरशांवर तो चावणं थांबवून ताठ झाला, तेव्हा सात फरशांपासून सुरुवात. पुढे घाई करून एकदम तीन फरशांवर गेले आणि दोन आठवड्यांची मेहनत पाण्यात. तुकडा टाकायला जरा उशीर झाला तर बक्षीस भलत्याच गोष्टीला मिळायचं. त्यातूनच तो पेनचा आवाज ऐकून भुंकायला शिकला, ते माझंच कर्तृत्व. फीडबॅकमध्ये डिले आला की सिस्टिम बिघडते, हे मी व्हायवात घडाघडा सांगते. घरी कळायला अर्धा डझन अंडी गेली. आणि खिशात काही नसेल तर हाक मारल्यावर साहेब ढुंकूनही बघायचे नाहीत. ते नंतर, कधी खाऊ कधी नुसतं "शाब्बास" असं करत हळूहळू सुटलं.

आजोबांविषयी एक सांगायलाच हवं, नाहीतर अन्याय होईल. त्यांची टपली चुकीची होती, पण त्यांची वेळ कधी चुकली नाही. सकाळी साडेपाचला फिरवणं म्हणजे साडेपाचलाच. हाक मारायला एकच शब्द, एकच स्वर. आम्ही चौघं "ये", "कम", "इकडे", "अरे ए" असं काहीही ओरडायचो. एकदा ते म्हणाले, धनगराच्या कुत्र्याला कोण शिकवतं? पिल्लू असल्यापासून मेंढरांतच वाढतं ते, ना काठी ना अंडं. हे काही माझ्या वाचनातल्या पुस्तकांत नव्हतं. त्या रात्री त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. लहानपणी त्यांचा एक कुत्रा असाच, न भुंकता, पाहुण्याला चावला होता. त्यांच्या वडिलांनी त्याचं काय केलं ते त्यांनी सांगितलं नाही. उठून वाघ्याची साखळी खुंटीवर टांगून आले.

फेब्रुवारीत मी ताटलीपासून एका फरशीवर उभी राहिले आणि वाघ्याने मान वर करून शेपूट हलवली. मार्चमध्ये आजोबांच्या सदऱ्याच्या खिशात बिस्किटाचा चुरा सापडला. त्यांनी तो आपला असल्याचं अजून मान्य केलेलं नाही.

मे महिन्यात काका-काकू आले. छोट्याच्या मनगटावर दोन पांढरे ठिपके राहिलेत. वाघ्याला दोरी बांधून मी ती हातात धरली होती, ताटली व्हरांड्याच्या टोकाला, आणि छोट्याला चार फरशांवर उभं केलं होतं. तो उत्साहाच्या भरात एक फरशी पुढे आला.

वाघ्या गुरगुरला.

कितीतरी महिन्यांनी तो आवाज मी ऐकला. काका ओरडत पुढे धावले. काकूंनी छोट्याचा दंड धरला. आजोबा आरामखुर्चीतून उठून म्हणाले, "कुणी रागवू नका त्याला. बोलू दे." मग छोट्याकडे वळून म्हणाले, "काय म्हणतोय तो?"

छोट्याने विचार केला. "लांब हो म्हणतोय."

"मग हो."

छोट्या दोन फरशा मागे सरकला. गुरगुर थांबली. मी पेनचा खटका दाबला आणि छोट्याने आपल्या मुठीतला, पार चिवडून गेलेला अंड्याचा तुकडा लांबूनच टाकला.