बोनस

मी बी.कॉम. आहे. हे मी एरवी कुणाला ऐकवत नाही, कारण बारामतीत दगड भिरकावला तर तो बी.कॉम.लाच लागतो, आणि भिरकावणाराही बहुधा बी.कॉम.च असतो. बँकेत मी क्लार्क आहे. हल्ली आम्हांला 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. नाव लांबलं, रांगही लांबली, पगाराचं तेवढं लांबणीवर आहे.

आता अशा माणसाचा कबड्डीशी संबंध काय, असं तुम्ही विचाराल. संबंध काही नाही. आयुष्यात एकदाच मी चढाईला गेलो होतो, नववीत असताना. मध्यरेषेपाशी पोहोचेपर्यंतच माझा दम संपला आणि पंचांनी मला बाद दिलं. समोरच्या सात जणांना जागचं हलण्याचेही कष्ट पडले नाहीत. पण रेषेबाहेर बसून मार्गदर्शन करण्यात मात्र माझा हात कुणी धरू शकणार नाही. खेळाडूला दम लागतो. प्रेक्षकाला नुसता घसा असला की पुरे.

आमच्या भागातल्या एका महाविद्यालयाचा कबड्डीचा संघ त्या वर्षी हरण्याचा सराव करत होता. चार सामने झाले, चारही गेले. पाचवा इंदापूरला होता आणि नेमका दुसरा शनिवार, म्हणजे बँकेला सुट्टी. मी आणि आमचे हेडकॅशिअर एस.टी.त बसलो. भवानीनगर, सणसर, बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी. ही तुकोबांच्या पालखीची वाट. आषाढात वारकरी इथून नामस्मरण करत चालतात, त्यांचा उद्धार होतो. आम्ही संघाचा उद्धार करत निघालो होतो.

वाद असा होता, की दोष कुणाचा? हेडकॅशिअर म्हणाले, "खेळाडूंचा. चढाई काय प्रशिक्षक करतो?"

मी म्हणालो, "प्रशिक्षकाचाच! २०१८ साली जकार्ताला काय झालं? आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इराणच्या मुलींनी आपल्या मुलींना २७-२४ असं हरवलं. आणि इराणच्या प्रशिक्षक कोण? आपल्या नाशिकच्या शैलजा जैन!"

"म्हणजे प्रशिक्षक आपला तोही जिंकला आणि हरलो तेही आपणच," हेडकॅशिअर म्हणाले. त्यांना कुठल्याही व्यवहाराच्या दोन्ही बाजू जुळवून टाकायची सवय आहे.

"ते राहू द्या. प्रशिक्षकाला पगार मिळतो. पोरांना काय मिळतं? दोन केळी आणि सामना जिंकला तर उसाचा रस."

"चार सामन्यांत रस नाही, म्हणूनच त्यांना खेळात रस राहिलेला नाही," असं म्हणून त्यांनी वाद मिटवला. माझा मुद्दा असा, की मी तत्त्वतः पोरांच्या बाजूचा होतो. हे लक्षात ठेवा, कारण पुढे तासाभरात मी काय केलं ते सांगायचं आहे.

सामना रंगला. शेवटच्या चढाईला आम्ही एका गुणानं मागे होतो. चढाईला आमचा सात नंबर. काडीसारखा पोरगा, पण पायात वारं. चढाईला फक्त ३० सेकंद असतात. तेवढ्या वेळात आमच्या काउंटरवर पासबुकाचं पान उलटत नाही. पोरगा डावीकडे गेला, उजवीकडे आला, कुणी जवळ येईना. तेव्हा मी उठलो आणि आख्ख्या इंदापूरला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलो, "बोनस! बोनस घे! बोनस!"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: समोरच्या अंगणात खोलवर बोनस रेषा असते. एक पाय तिच्यापलीकडे टाकला आणि दुसरा हवेत उचलला, की कुणाला शिवायची गरज नाही, एक गुण फुकट. बँकेतल्या माणसाला ही कल्पना फार आवडते.

पोरानं पाय टाकला. कोपऱ्यातल्याने तो घोटा पकडला, मग उरलेले अंगावर पडले. शिट्टी झाली. आम्ही हरलो.

आणि मग माझी रसवंती सुटली. काय बोललो ते सगळं लिहीत नाही, हे पुस्तक घरात मुलंही वाचतात. शेवटचं वाक्य मात्र लिहायलाच हवं. मी ओरडलो, "तुला नाही जमायचं हे! घरी जा आणि म्हशी राख!" लोक हसले. माणसाला हसं मिळालं की आपण खरं बोललो असं वाटतं. विनोदी लिहिणाऱ्याचा तर हा धंद्यातला आजार आहे.

परतीच्या एस.टी.त जागा धरून बसलो, तर मागोमाग आख्खा संघ चढला! मी घाईनं वर्तमानपत्र उघडून तोंडापुढे धरलं. हेडकॅशिअर झोपेचं सोंग घेण्यात तरबेज आहेत. त्यांनी डोळे मिटले. आणि माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेवर येऊन बसले ते प्रशिक्षक. ते मला ओळखत नव्हते. माझ्या तत्त्वानुसार दोष यांचा होता आणि दोषी मांडीला मांडी लावून बसला होता. कागदाआडून मी विचारलं, "काय सर, आज शेवटी काय झालं?"

"बोनस नव्हताच हो तिथं," ते म्हणाले. "समोर पाचच जण होते. निदान सहा असले तरच बोनस मिळतो. पहिल्या आठवड्यात शिकवतो मी हे."

माझ्या पोटात खड्डा पडला. "मग तो गेला कशाला?"

"बाहेरून कुणीतरी ओरडलं."

मी पेपर आणखी वर धरला.

"पण चूक माझीच," ते पुढे म्हणाले. "पाय कुठं टाकायचा ते शिकवलं. गर्दीचा आवाज कानाबाहेर कसा ठेवायचा ते शिकवायचं राहिलं."

मग कळलं, की ते तासिका तत्त्वावर आहेत. तास झाला तर पैसे, आणि पहाटेचा सराव कुठल्याच तासात बसत नाही. म्हणजे मी ज्या पगाराच्या जोरावर यांना दोषी ठरवलं होतं, तो पगारही बोनससारखाच निघाला, नसलेला! हातातला पेपर उलटा आहे, हे मला भवानीनगर आल्यावर दिसलं.

त्या रात्री झोप लागली नाही. माझे वडील अजित वाडेकरांची गोष्ट सांगायचे. वाडेकर स्टेट बँकेतले, म्हणून मला ते भाऊबंदच वाटतात. १९७१ साली त्यांच्या संघानं वेस्ट इंडीज आणि इंग्लंडला त्यांच्याच घरी हरवलं, तेव्हा लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. १९७४ साली लॉर्ड्सवर तोच संघ ४२ धावांत आटोपला, तर त्याच लोकांनी त्यांच्या घरावर दगड मारले. इंदूरला विजयाची आठवण म्हणून भलीमोठी बॅट उभारली होती, तिलाही काळं फासलं. बॅटचा काय दोष? पण तीन वर्षांपूर्वी हार घालताना तरी तिचा काय गुण होता!

आणि दुसरी गोष्ट खाशाबा जाधवांची. १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. सहाव्याला आमच्यासारख्यांनी म्हशी राखायला धाडलं असतं. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी मात्र आपल्या या विद्यार्थ्याला हेलसिंकीला पाठवण्यासाठी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. १९५२ साली खाशाबा ब्राँझपदक घेऊन आले. मी कर्ज खात्यातही काम केलं आहे. गहाणखतं पुष्कळ पाहिली, पण तारणात घर आणि परतफेडीत दुसऱ्याचं पदक, असा अर्ज काही माझ्या टेबलावर आलेला नाही. हे कर्ज मी मंजूर केलं असतं का, हे मी स्वतःला विचारलं नाही. उत्तर ठाऊक होतं.

सोमवारी बँकेत सर्व्हर बंद पडला. रांग दारापर्यंत. पहिली दहा मिनिटं लोक सर्व्हरला बोलत होते, मग मला बोलू लागले. सर्व्हर हैदराबादला की मुंबईला कुठं असतो ते मलाही ठाऊक नाही. मी समोर असतो, एवढाच माझा गुन्हा. मागून एक आवाज आला, "जमत नसेल तर घरी बसा की राव!"

तेवढ्यात रांगेतून कुणीतरी म्हणालं, "ओ काका, नेट काय त्यांच्या हातात आहे का?"

बघतो तर सात नंबर! हातात वडिलांचं पासबुक. दूध संघाचे पैसे जमा झाले का ते बघायला आला होता. त्याचा नंबर आला तेव्हा मी मान खाली घालून म्हणालो, "बाळ, परवा इंदापूरला ते... म्हशींचं... मीच बोललो."

"माहितीये की," तो म्हणाला. "त्यात काय एवढं? गाई-म्हशी राखतोच मी. पहाटे चारला धारा काढतो, मग ग्राउंडवर."

मला काउंटरखाली शिरावंसं वाटलं. "आणि बोनस म्हणून ओरडलो, तेही मीच."

"तेपण माहितीये. आवाज लगेच ओळखला. टोकन नंबर तुम्हीच पुकारता ना? म्हणूनच तर पाय टाकला. म्हटलं, बँकेतला माणूस आहे, बोनसचं बरोबर कळत असणार!"

पगार कायद्याच्या मर्यादेपलीकडे गेल्यापासून मला स्वतःला दिवाळीचा बोनस मिळालेला नाही, हे त्या पोराला कसं सांगणार?

तेव्हापासून मी एक नियम केला आहे. टीका जरूर करावी, पण ज्या खात्यात कधी भरणा केला नाही, त्यावर चेक फाडू नये. फाडलाच तर तो विचार करायला ३० सेकंदांपेक्षा जास्त वेळ असलेल्यांच्या नावे फाडावा. पहाटेच्या सरावाचे पैसे न देणाऱ्यांपासून सुरुवात केली तरी चालेल. पोरांच्या नावे कधीच नाही.

पुढचा सामना बारामतीत झाला. मी तोंडात खडीसाखर धरून बसलो. आम्ही पुन्हा हरलो. सगळे पांगल्यावर मी मैदानात उतरलो आणि प्रशिक्षकांबरोबर मॅटचे तुकडे उचलू लागलो. माझ्या खात्यातला तो पहिला भरणा. तिसऱ्या तुकड्याला माझी पाठ धरली आणि मॅट हातातून निसटली.

रेषेबाहेर हेडकॅशिअर उभे होते. ते ओरडले, "अहो, वाकून धरा, वाकून! एवढंही जमत नाही? कुणी शिकवलं तुम्हाला?"