जागेचा हिशेब

डिस्कवर जागा किती गेली, असं युनिक्सला विचारलं तर दोन उत्तरं येतात: एक ‘डीएफ’चं, एक ‘डीयू’चं. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये घडवलेल्या युनिक्सच्या १९७१च्या पहिल्याच आवृत्तीत या दोन्ही कमांड होत्या. मोजायची गोष्ट एक, मग हत्यारं दोन कशाला, असं नव्याने शिकणारी मुलं विचारतात. सर्व्हर सांभाळता सांभाळता मी जे शिकलो, त्यातलं बरंचसं या प्रश्नाच्या उत्तरात सामावलेलं आहे.

‘डीएफ’ थेट फाइल सिस्टीमला विचारते, तुझे एकूण ब्लॉक किती आणि मोकळे किती. तो हिशेब फाइल सिस्टीमने मांडूनच ठेवलेला असतो, म्हणून उत्तर क्षणात मिळतं. ‘डीयू’ मात्र एकेका डिरेक्टरीत शिरते, प्रत्येक फाइलने किती ब्लॉक अडवलेत ते पाहते आणि बेरीज करत वर येते. एक दुकानाच्या वहीतली शिल्लक वाचते, दुसरी गोदामात उतरून पोती मोजते. लाखो फाइल असल्या की ही मोजदाद बराच वेळ चालते आणि डिस्कवर ताणही आणते, म्हणून मी ती रात्री, कमी प्राधान्याने चालवतो.

खरी माहिती मिळते ती या दोघींचं जमत नाही तिथे. समजा, ‘डीएफ’ म्हणते की /व्हार ९८ टक्के भरलंय आणि ‘डीयू’ची बेरीज निम्म्यावरही पोचत नाही. अशा वेळी बहुधा कुणीतरी वाढलेली लॉग फाइल घाईघाईने पुसलेली असते, पण तिच्यात लिहिणारी प्रोसेस चालूच असते. युनिक्समध्ये ‘आरएम’ने जातं ते फाइलचं नाव. शेवटचं नाव गेलं, तरी एखाद्या प्रोसेसने फाइल उघडी धरली आहे तोवर तिचे ब्लॉक सुटत नाहीत. नाव उरलं नाही म्हणून ‘डीयू’ला ती सापडत नाही, ब्लॉक अडकलेले आहेत म्हणून ‘डीएफ’च्या आकड्यात ती दिसत राहते. अशा बिननावाच्या उघड्या फाइल ‘एलएसओएफ’ दाखवते, सोबत प्रोसेसचा क्रमांकही देते. ती प्रोसेस रीस्टार्ट केली की जागा मोकळी होते. म्हणून माझ्या स्क्रिप्टमध्ये दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले जातात आणि तफावतीला स्वतःचा रकाना असतो. एकच आकडा पाहणाऱ्याला डिस्क भरल्याचं कळतं, तफावत पाहणाऱ्याला कुठे शोधायचं तेही कळतं.

अशी स्क्रिप्ट लिहिणं वरवर सोपं असतं. ‘डीएफ’चं आउटपुट पाइपमधून ‘ऑक’कडे द्यायचं, पाचव्या रकान्यातली टक्केवारी काढायची, ती ८५च्या वर असली तर मेल धाडायचा. टक्क्याचं चिन्ह वेगळं काढावंही लागत नाही. त्या रकान्यात शून्य मिळवलं की ‘ऑक’ सुरुवातीचा आकडा उचलतो आणि चिन्ह सोडून देतो. पण लिनक्सवरची जुनी ‘डीएफ’ डिव्हाइसचं नाव लांबलचक असलं की ओळ मोडायची. नाव एका ओळीवर, आकडे दुसऱ्या. मग पहिल्या ओळीत पाचवा रकानाच नाही आणि दुसऱ्या ओळीत पाचव्या जागी माउंटचा पत्ता. दोन्हीकडे शून्य मिळवून शून्यच हाती येतं. एररही येत नाही, मेलही जात नाही, आणि ते पार्टिशन शंभर टक्क्यांपर्यंत बिनबोभाट भरत जातं. नव्या आवृत्त्या ओळ मोडत नाहीत, तरीही मी स्क्रिप्टमध्ये ‘पी’ हा पर्याय लिहितोच. पॉझिक्स मानकानुसार त्याने एका फाइल सिस्टीमला एकच ओळ मिळते. स्क्रिप्ट कधी कुठल्या जुन्या मशीनवर जाऊन पडेल, ते लिहिताना ठाऊक नसतं.

टक्केवारी ठीक असूनही ‘जागा शिल्लक नाही’ असा संदेश येऊ शकतो. एक्स्ट ४ मध्ये फाइल सिस्टीम बनवतानाच इनोडची संख्या ठरते आणि प्रत्येक फाइलला एक इनोड लागतो. एखाद्या प्रोग्रॅमने इवल्या इवल्या कॅश फाइलींचा ढीग घातला, की ब्लॉक मोकळे असतानाच इनोड संपतात. म्हणून ‘डीएफ’ला ‘आय’ पर्यायाने इनोडही विचारावे लागतात. याच फाइल सिस्टीममध्ये पाच टक्के ब्लॉक सहसा रूटसाठी राखलेले असतात. एक टेराबाइटच्या डिस्कवर ते पन्नास गिगाबाइट होतात. वापरलेली आणि उपलब्ध जागा मिळून एकूण का भरत नाही, याचं उत्तर हे.

तरी नुसत्या टक्केवारीवर माझा भर नसतो. वर्षभर ९० टक्क्यांवर स्थिर असलेल्या डिस्कची मला काळजी वाटत नाही, आठवड्यात ४० वरून ६० वर गेलेलीची वाटते. म्हणून रोजचे आकडे तारखेसह एका फाइलमध्ये साठवायचे आणि कालच्याशी ताडून पाहायचे. ज्यांची वाढ सर्वांत जास्त, त्या डिरेक्टऱ्या ‘सॉर्ट’ने वर आणायच्या आणि प्रत्येकीसमोर मालकाचं नाव छापायचं. मेल वाचणाऱ्याला पुढचा फोन कुणाला करायचा ते कळलं, तर अहवाल कामी आला. सगळं सुरळीत असेल त्या दिवशी मेल जाऊच नये. रोज येणारा मेल कुणी उघडत नाही. मात्र स्क्रिप्ट चालली, ही नोंद लॉगमध्ये पडलीच पाहिजे, नाहीतर सगळं ठीक असणं आणि स्क्रिप्टच बंद पडलेली असणं बाहेरून सारखंच दिसतं.

एका बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही. जागा मोजणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ‘आरएम’ नसावं. ‘ती रात्री चालतेच आहे, तर जुन्या फाइलीही पुसू दे,’ असं सुचवणारे भेटतात. पण क्रॉनमधून रूटच्या हक्काने चालणाऱ्या स्क्रिप्टवर त्या वेळी कुणाची नजर नसते. एखादं व्हेरिएबल रिकामं राहिलं, तर पुसण्याचा पत्ता बदलून भलतीकडे जातो. आणि जुनं म्हणजे नकोसं, हे तारखेवरून ठरत नाही. तीन वर्षं न उघडलेली फाइल एखाद्याच्या संशोधनाची एकमेव प्रत असू शकते. नेमकं मोजणं आणि योग्य माणसापर्यंत पोचवणं एवढं स्क्रिप्टने करावं. काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे ज्याच्या फाइली आहेत त्याने ठरवावं.