डॅफ्नेच्या वाटेवरून

पोर्तो अयोरा, सांताक्रूझ बेट
ऑगस्ट

चि. सई,


काल बाल्ट्राच्या विमानतळावर उतरले, तिथून खाडी ओलांडून सांताक्रूझवर आले. सध्या गालापागोसमध्ये गारुआचे दिवस आहेत. आभाळ दिवसभर भरलेलं आणि अधूनमधून धुक्यासारखी बारीक झिमझिम. तरी किनाऱ्यालगतची जमीन कोरडीच. पालो सांतोची झाडं निष्पर्ण, पांढुरकी उभी आहेत. निवडुंग मात्र झाडाएवढे.

खाणावळीत टेबलावर फिंच नावाचे लहान पक्षी येतात आणि ताटाजवळचे भाताचे दाणे उचलतात. डार्विन १८३५ साली या बेटांवर आला तो ‘बीगल’ जहाजातून. निसर्गनिवड इतकी संथ असते की ती चालू असताना माणसाला दिसायची नाही, असं त्याचं मत होतं. ती याच फिंचांमध्ये डोळ्यांदेखत घडताना ज्यांनी मोजली, त्या पीटर आणि रोझमेरी ग्रँट यांचं डॅफ्ने मेजर बेट मला पाहायचं आहे. एम.एस्सी.च्या दोन वर्षांत असं काय हाती लागणार, असं तू विचारलं होतंस ना? त्याचं उत्तर त्यांच्या कामात आहे, असं मला वाटतं.

तुझी,
आत्या

---

बोटीवरून, डॅफ्ने मेजरजवळ

चि. सई,

बेट समोर आहे. उतरायला परवानगी नाही. संशोधकांनाही ती मोजकीच मिळते. राखेच्या खडकाचा हा शंकू जेमतेम १२० मीटर उंच, आणि क्षेत्रफळ अर्धा चौरस किलोमीटरसुद्धा नाही. पुळण नाही, धक्का नाही. लाट वर आली की होडीतून कपारीवर उडी घ्यायची. तंबू, शिधा, पिण्याचं पाणी, सगळं अंगावर वाहून चढवायचं. ग्रँट दांपत्य १९७३पासून ४० वर्षं हेच करत होतं. सुरुवातीच्या काळात दोघी लहान मुलीही बेटांवर बरोबर असत.

काम सांगायला सोपं आहे. जाळं लावायचं, पक्षी धरायचा, पायात रंगीत कडी घालायची, वजन आणि चोचीची मापं घेऊन सोडून द्यायचा. कोणाची जोडी कोणाशी जमली, पिल्लं किती जगली, कोणतं बी किती उरलं, हेही टिपायचं. बेट लहान, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक पक्षी ओळखीचा होतो.

१९७७ साली पाऊस पडला अवघा २४ मिलिमीटर. बारीक बिया संपल्या. उरली ती ट्रिब्युलसची काटेरी फळं. म्हणजे आपल्या सराट्याचेच भाऊबंद, तुझ्या पायात मोडतात ते. ती फोडायला जाड चोच लागते. मध्यम भूफिंचांची संख्या सुमारे ८५ टक्क्यांनी घटली. पीटर बोग या विद्यार्थ्याने आणि ग्रँट यांनी वाचलेल्यांची मापं पाहिली, तर चोचीची जाडी सरासरी अर्ध्या मिलिमीटरने वाढलेली. पुढच्या पिढीतही ती टिकली, कारण चोच आईबापांवरून येते. उपाशी पक्ष्यांचं एकेक मरण वहीत टिपत राहणं किती जड गेलं असेल! पण त्या नोंदी नसत्या तर कोण जगलं आणि का, हे कधीच कळलं नसतं.

आत्या

---

पोर्तो अयोरा

चि. सई,

आज मनात जे पक्कं झालं ते लिहिते. ग्रँट १९७८ साली घरी परतले असते, तर ‘दुष्काळात चोची मोठ्या होतात’ एवढंच शिकून परतले असते. ते राहिले. १९८२-८३ साली एल निनोमुळे तिथे १,३५९ मिलिमीटर पाऊस झाला. वेलींनी बेट झाकलं, बारीक बियांची रेलचेल झाली आणि मागाहून लहान चोचीचे पक्षी सरस ठरले. त्याच सुमारास मोठा भूफिंच ही वेगळी जात बेटावर वसली. २००३नंतर पुन्हा दुष्काळ आला, तेव्हा सराट्याची फळं या मोठ्या पक्ष्यांनीच फस्त केली. या वेळी मध्यम फिंचांमधले मोठ्या चोचीचे मेले आणि सरासरी चोच लहान झाली. दुष्काळ तसाच, निकाल उलटा! शेजारी कोण आहे, यावरही निवड ठरते. हे कळायला जवळजवळ तीस वर्षं एकाच बेटावर परत परत जावं लागलं.

रोझमेरी ग्रँट यांना उप्साला विद्यापीठाची डॉक्टरेट १९८५ साली मिळाली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर. तोवर कितीतरी वर्षं त्या बेटांवर काम करतच होत्या. तेव्हा उशीर होईल ही भीती सोड.

तुला कोकणातल्या सड्यावरच्या फुलांवर काम करायचं आहे. सड्यावरही पावसाची सगळी वर्षं सारखी नसतात. दोन वर्षांत उत्तर मिळेलच असं नाही. पण पुढे वीस वर्षं चालेल अशी नोंद त्या दोन वर्षांत नक्की सुरू करता येते. सड्याचा कोणता तुकडा, कोणती झाडं, कोणती मापं, कोणत्या आठवड्यात घ्यायची, हे आधी ठरव. दरवर्षी एकटीला झेपेल एवढंच त्यात ठेव. ती यादी मला इथेच पाठव, परतीच्या प्रवासात वाचते.

तुझी,
आत्या